उसन्या आकाशगंगेतली अकरा वर्षं: वेस्ट एंड गेम्सचं प्रकरण

जुलै १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली वेस्ट एंड गेम्स ही कंपनी, स्टार वॉर्सच्या विश्वावर टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम काढणारी, दिवाळखोरीत गेली. पुढे दहाच महिन्यांनी, मे १९९९ मध्ये, सोळा वर्षांच्या खंडानंतर नवा स्टार वॉर्स चित्रपट येणार होता. खेळणी, पुस्तकं, दप्तरं, कपडे, सगळ्याची जय्यत तयारी सुरू होती. पडत्या काळात याच विश्वातली एकेक वस्तू, एकेक जमात, एकेक यान नावानिशी नोंदवून ठेवणारी ही कंपनी मात्र नेमकी त्याच वेळी बाजारातून बाहेर फेकली गेली.

खेळ वाईट होता म्हणून प्रकाशक बुडाला, असं इथे म्हणता येत नाही. खेळ उत्तम होता, पुस्तकं वर्षानुवर्षं निघत होती, खेळणारे निष्ठावान होते. या प्रकरणावर बोलणारे बहुतेक जण कंपनी का बुडाली यावर बोलतात. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे: अकरा वर्षांच्या मेहनतीनंतर कंपनीच्या हातात स्वतःचं असं काय होतं, आणि जे होतं त्याचं तिने काय केलं?

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम कधी खेळला नसेल, तर थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेममास्टर होतो, तो प्रसंग उभा करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात. जिथे जमेल की फसेल अशी शंका असते, तिथे फासे टाकायचे. प्रकाशक विकतो ती नियमांची पुस्तकं, त्या विश्वाची माहिती देणारी सोर्सबुकं आणि तयार साहसकथा. गिऱ्हाईक एकदाच येऊन जात नाही; खेळ जमला तर दर दोन-तीन महिन्यांनी पुढचं पुस्तक मागतं. आपला प्रकाशकही अशाच मागणीवर जगत होता.

बुटांच्या धंद्यातून आलेली कंपनी

डॅनियल स्कॉट पाल्टर यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वेस्ट एंड गेम्स सुरू केली. कोलंबिया विद्यापीठाजवळच्या ज्या बारमध्ये मंडळी जमत, त्याचंच नाव कंपनीला दिलं. सुरुवातीचा माल म्हणजे युद्धाचे पटखेळ: षटकोनी घरांचे नकाशे आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्या. पाल्टर यांच्या घरचा धंदा बूट आयात करण्याचा होता, बुची या नावाने. खेळांच्या कंपनीला त्या धंद्याचा आधार होता. ही बाब आत्ता किरकोळ वाटेल, पण शेवटी सगळं तिथेच येऊन थांबतं.

१९८४ मध्ये कंपनीने 'पॅरानोइया' काढला. ग्रेग कॉस्टिक्यान, डॅन गेल्बर आणि एरिक गोल्डबर्ग यांची ही कल्पना: जमिनीखालचं बंदिस्त शहर, त्यावर राज्य करणारा संशयी संगणक, आणि एकमेकांच्या चुगल्या करून जीव वाचवणारी पात्रं. कंपनीचं नाव झालं ते या खेळामुळे. मग १९८६ मध्ये 'घोस्टबस्टर्स' चित्रपटावरचा परवाना मिळाला. त्याची रचना मात्र केऑसियम या कॅलिफोर्नियातल्या प्रकाशकाच्या सँडी पीटरसन, लिन विलिस आणि ग्रेग स्टॅफर्ड यांच्याकडून करून घेतली. त्या खेळातली एक गोष्ट पुढे फार मोलाची ठरली. पात्राचा गुण आकड्यात न मोजता फाशांत मोजायचा: जितका गुण मोठा तितके साधे सहाबाजूंचे फासे जास्त, सगळे एकदम टाकायचे आणि बेरीज करायची.

१९८७: कोणाला नको असलेलं विश्व

आज स्टार वॉर्सचा परवाना म्हणजे सोन्याची खाण वाटते. १९८७ मध्ये चित्र अगदी उलटं होतं. तिसरा चित्रपट १९८३ मध्ये येऊन गेला होता आणि चौथा कधी येईल याची चिन्हं नव्हती. केनर या खेळण्यांच्या कंपनीने स्टार वॉर्सच्या बाहुल्या काढणं १९८५ मध्ये थांबवलं. मार्वलचं कॉमिक १९८६ मध्ये बंद पडलं, टीव्हीवरच्या कार्टून मालिकाही त्याच वर्षी संपल्या. धंद्याच्या नजरेने हे विश्व निवृत्त झालं होतं.

अशा वेळी वेस्ट एंडने परवाना घेतला. खेळाची रचना कॉस्टिक्यान यांनी केली आणि 'घोस्टबस्टर्स'मधली फाशांची कल्पना नीट घडवून तिला आकार दिला. पुढे ही पद्धत डी-सिक्स, म्हणजे 'सहाबाजूंचा फासा', म्हणून ओळखली जाऊ लागली. ती किती सोपी आहे हे एका फेकीतच कळतं.

प्रत्येक पात्राला सहा मूळ गुण: चपळाई, ज्ञान, यानं चालवण्याचा हात, हेरण्याची नजर, ताकद आणि यंत्रांची जाण. सगळे मिळून अठरा फासे. समजा तुमच्या तस्कराची चपळाई तीन फासे अधिक एक, आणि बंदुकीच्या सरावासाठी तुम्ही त्यावर आणखी एक फासा खर्च केला. म्हणजे बंदूक चालवताना चार फासे अधिक एक. समोरचा शिपाई मध्यम अंतरावर उभा आहे, तेव्हा पंधरा गाठायचे. फासे पडतात पाच, तीन, सहा, दोन. सोळा, अधिक एक, सतरा. लागली गोळी. आता त्याच दमात गोळी झाडून दारही बंद करायचं असेल तर दोन्ही कामांत एकेक फासा कमी. तक्ता उघडायचा नाही, पान उलटायचं नाही. ज्याला घरातले सापशिडीचे फासे गोळा करता येतात त्याला हा खेळ खेळता येतो. त्या काळातले अनेक प्रतिष्ठित खेळ खेळायचे तर आठ, दहा, बारा, वीस बाजूंच्या खास फाशांचा संच लागे. इथे ती अडचण नव्हती, आणि केवळ चित्रपट आवडतो म्हणून आलेल्या नव्या माणसासाठी हे फार महत्त्वाचं होतं.

पात्रं तयार करायची पद्धतही तशीच. 'तस्कर', 'उतावळा वैमानिक', 'जुगारी', 'अपयशी जेडाय' असे तयार साचे पुस्तकात होते. एक निवडा, सात फासे कौशल्यांवर वाटा, नाव द्या, झालं. जेडाय म्हणजे या विश्वातले गूढ शक्ती असलेले योद्धे; 'अपयशी जेडाय' हा साचा मला आजही विलक्षण वाटतो. चित्रपटात असं पात्र ठळकपणे नव्हतं, पण त्या एका नावातच म्हाताऱ्या, पराभूत, कदाचित दारूच्या आहारी गेलेल्या माणसाची अख्खी कहाणी डोळ्यापुढे उभी राहते.

दुसरी युक्ती साहसकथांमधली. त्यांच्या सुरुवातीला एक छोटीशी संहिता छापलेली असे. गेममास्टरने तिच्या प्रती वाटायच्या आणि खेळाडूंनी आपापली वाक्यं नाटकाच्या वाचनासारखी मोठ्याने वाचायची. संहिता सुरू होते तेव्हाच पाठलाग चालू असतो, यानाला गोळे बसत असतात. 'तुम्ही एका खानावळीत बसला आहात' या ठरावीक सुरुवातीची गरजच उरत नाही. बुजरा खेळाडूही पहिल्या मिनिटाला बोलता होतो. आजही नवा गट घेऊन खेळवायचा असेल तर मी हीच पद्धत वापरतो. इतकी साधी आणि इतकी हमखास चालणारी दुसरी माझ्या माहितीत नाही.

नावं देण्याचं काम

नियमांबरोबर त्याच वर्षी 'स्टार वॉर्स सोर्सबुक' आलं, बिल स्लाविसेक आणि कर्टिस स्मिथ यांचं. खरी कामगिरी इथून सुरू होते.

चित्रपटात खानावळीच्या प्रसंगात पडद्यावर दोन सेकंद दिसणारे विचित्र जीव आहेत. केनरने त्यांच्या बाहुल्या काढल्या तेव्हा नावं दिली 'हॅमरहेड', 'वॉलरस मॅन'. बाहुलीच्या पाकिटावर ती चालतात. पण खेळात एखादा खेळाडू म्हणतो, 'मला त्या हातोडीसारख्या डोक्याच्या जमातीतला माणूस व्हायचंय.' मग त्या जमातीचा ग्रह कुठला, ते खातात काय, लढतात की लढत नाहीत, हे प्रकाशकाला सांगावंच लागतं. गेममास्टरला शनिवारी संध्याकाळी खेळ चालवायचा असतो आणि प्रश्न अचानक येतो. चित्रपटाला जे अर्धवट ठेवून चालतं ते खेळाच्या पुस्तकाला चालत नाही.

या गरजेतून वेस्ट एंडच्या पुस्तकांनी नावं दिली: हॅमरहेड झाला इथोरियन, वॉलरस मॅन झाला अ‍ॅक्वालिश, त्याच खानावळीतल्या ग्रीडो या पात्राची जमात रोडियन, डोक्याला दोन शेपट्या असणारी ती ट्वायलेक. यानांच्या लांब्या, वेग, शस्त्रं, खलाशांची संख्या, सगळं कोष्टकांत आलं. १९८९ च्या 'इम्पीरियल सोर्सबुक'मध्ये चित्रपटांतल्या जुलमी साम्राज्याची नोकरशाही उभी केली गेली. त्यातलंच एक खातं म्हणजे इम्पीरियल सिक्युरिटी ब्युरो. २०२२ मध्ये 'अँडोर' ही स्टार वॉर्स मालिका आली तेव्हा तिच्या कथेचा निम्मा भार याच खात्याच्या बैठकांवर होता. पांढरा गणवेश घालून फायली चाळणारे ते अधिकारी आपल्याकडेही अनेकांनी पाहिले, पण खातं मुळात एका खेळाच्या पुस्तकातलं आहे हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

प्रत्येक हस्तलिखित स्टार वॉर्सची मालक कंपनी लुकासफिल्म हिच्याकडे मंजुरीला जाई. त्यामुळे ही नावं चाहत्यांच्या कल्पना म्हणून राहिली नाहीत, अधिकृत झाली. टिमथी झान यांना १९९१ च्या 'एअर टू द एम्पायर' या स्टार वॉर्स कादंबरीचं काम मिळालं, तेव्हा लुकासफिल्मने त्यांना संदर्भ म्हणून वेस्ट एंडच्या पुस्तकांचा गठ्ठाच पाठवला. झान आधी नाखूश होते. दुसऱ्याने ठरवलेल्या तपशिलांत आपण का अडकायचं, असं कोणत्याही लेखकाला वाटेल. पुस्तकं उघडल्यावर त्यांचं मत बदललं, आणि पुढे त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलंही. ती कादंबरी प्रचंड खपली, स्टार वॉर्स पुन्हा जिवंत झालं. १९९२ मध्ये वेस्ट एंडने त्या कादंबरीवरच सोर्सबुक काढलं आणि खेळाची दुसरी आवृत्तीही. वर्तुळ पूर्ण झालं होतं: खेळाने कादंबरीला तपशील दिले, कादंबरीने खेळाला गिऱ्हाईक.

१९९४ पासून 'स्टार वॉर्स अ‍ॅडव्हेंचर जर्नल' हे नियतकालिकही निघू लागलं. झान, मायकल स्टॅकपोल यांच्यासारख्या नावाजलेल्या लेखकांच्या कथा त्यात आल्या, आणि अगदी नवखेही तिथे लिहिते झाले. याच काळात वेस्ट एंडसाठी लिहिणारे पाब्लो हिडाल्गो पुढे लुकासफिल्ममध्ये गेले आणि या विश्वाच्या सुसंगतीवर लक्ष ठेवणाऱ्या गटात काम करू लागले.

मालकी कोणाची?

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रकरणाचा गाभा इथे आहे.

परवान्याच्या करारात प्रकाशक मूळ मालकाला रॉयल्टी देतो, एवढंच लोकांना माहीत असतं. पण वेस्ट एंडने त्या विश्वात जे जे घडवलं तेही लुकासफिल्मचंच झालं. इथोरियन, रोडियन, सुरक्षा खातं, यानांची कोष्टकं, सगळं. भाड्याच्या घरावर स्वतःच्या पैशाने मजला चढवावा आणि करार संपला की किल्ली मालकाच्या हातात द्यावी, तसा हा व्यवहार. त्यात फसवणूक कुणाची झाली असं मी म्हणणार नाही. अशा कामांत हीच रीत आहे, आणि ती नसती तर हे तपशील अधिकृत झालेच नसते, झान यांच्यापर्यंत पोचलेच नसते. पण ज्याला अशा करारावर संसार चालवायचा आहे त्याने रोज सकाळी स्वतःला विचारलं पाहिजे: उद्या परवाना गेला तर माझं काय उरतं?

वेस्ट एंडकडे याचं उत्तर होतं. नियम. सहाबाजूंच्या फाशांची ती पद्धत कंपनीची होती. कोणत्याही विश्वाला लावता येईल इतकी ती लवचीक होती आणि हजारो खेळाडूंच्या हातात आधीच बसली होती.

आणि याच बाबतीत कंपनी चुकली असं माझं ठाम मत आहे. १९९० मध्ये तिने 'टॉर्ग' हा स्वतःच्या मालकीचा मोठा खेळ काढला: वेगवेगळी वास्तवं पृथ्वीवर चाल करून येतात, अशी भन्नाट कल्पना. त्याला नियम मात्र वेगळे, वीसबाजूंचा फासा आणि पत्त्यांचा गड्डा. १९९३ मध्ये 'शॅटरझोन' आला, अवकाशातल्या साहसांचाच, आणि तोही स्वतःच्या मालकीचा. म्हणजे स्टार वॉर्स खेळणाऱ्या गटाला हाताला धरून आपल्या घरात आणण्याची ही आयती संधी होती. पण त्याचे नियम 'टॉर्ग'च्या वळणाचे. डी-सिक्सवर वाढलेल्या गटाला तिथे सगळं पुन्हा शिकावं लागणार होतं. मग तो का जाईल?

१९९४ नंतर परवान्यांची रांगच लागली. 'इंडियाना जोन्स', 'स्पीशीज', 'टँक गर्ल', 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'. हे मास्टरबुक नावाच्या तिसऱ्याच नियमसंचावर आले, जो 'टॉर्ग' आणि 'शॅटरझोन'मधून बेतलेला होता. एका चित्रपटाची हवा उन्हाळाभर टिकते, खेळाला मुरायला दोन वर्षं लागतात. यातल्या कशालाही स्टार वॉर्सची सर आली नाही. डी-सिक्सला स्टार वॉर्सपासून सोडवून स्वतंत्र पुस्तक म्हणून काढायला १९९६ उजाडलं. नऊ वर्षं! त्यानंतर 'मेन इन ब्लॅक', 'हर्क्युलिस आणि झीना' हे खेळ त्या नियमांवर आले, पण तेही पुन्हा परवान्याचेच.

तोवर दुकानांतलं वारंही बदललं होतं. १९९३ मध्ये 'मॅजिक' हा पत्त्यांचा खेळ आल्यापासून गिऱ्हाइकाचा आणि दुकानदाराचा पैसा संग्राह्य पत्त्यांकडे वळला होता. १९९५ मध्ये डेसिफर या कंपनीचे स्टार वॉर्सचे पत्तेही आले. एकाच विश्वाचे दोन परवानाधारक एकाच दुकानात, आणि पत्त्याचं पाकीट पुस्तकापेक्षा कितीतरी पटींनी झटपट खपणारं.

शेवट

एवढं सगळं असूनही स्टार वॉर्सच्या जोरावर कंपनी तगली असती, असं मला वाटतं. बुडाली ती बुटांमुळे. पाल्टर कुटुंबाचा बुटांचा व्यवसाय अडचणीत आला, आणि दोन्ही धंद्यांचे पैसे एकमेकांत गुंतलेले होते. ज्या आधारावर सुरुवातीला युद्धाचे पटखेळ छापणं शक्य झालं होतं, त्यानेच आता गळ्यात दोरी टाकली. बुटांचा धंदा कोसळला तसा खेळांचाही कोसळला, आणि स्टार वॉर्सचा परवाना गेला. छापायच्या तयारीत असलेली पुस्तकं तशीच राहिली.

याच्या शेजारी शिकागोच्या फासा या कंपनीचं उदाहरण ठेवून पाहा. फासाने १९८२ मध्ये 'स्टार ट्रेक'चा खेळ काढला. तोही चांगला चालला. नवी दूरदर्शन मालिका आल्यावर 'स्टार ट्रेक'ची मालक कंपनी पॅरामाउंट आपल्या विश्वाबाबत जास्त काटेकोर झाली, आणि १९८९ मध्ये फासाचा परवाना संपला. पण तोपर्यंत फासाने 'बॅटलटेक' उभा केला होता, यंत्रमानवी रणगाड्यांचा, स्वतःच्या मालकीचा. त्याच वर्षी 'शॅडोरन' आला, तोही स्वतःचा. परवाना गेला तरी फासाने पुढचं दशक सुखाने काढलं. परवान्याच्या पैशाने घराची भिंत बांधून घेणं म्हणजे काय, ते फासाने करून दाखवलं. वेस्ट एंडकडे हुशार माणसं कमी नव्हती, 'पॅरानोइया' तर फासाच्या कोणत्याही खेळाइतकाच कल्पक होता. पण सगळी चांगली माणसं आणि सगळा वेळ स्टार वॉर्सकडे जात राहिला.

नंतर

स्टार वॉर्सच्या खेळाचा परवाना विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकाकडे गेला आणि २००० मध्ये त्यांचा खेळ आला, वीसबाजूंच्या फाशावर चालणारा. त्याच्या रचनाकारांत बिल स्लाविसेक होते, म्हणजे १९८७ चं सोर्सबुक लिहिणारेच. माणूस आपलं ज्ञान घेऊन पुढे गेला, नावं मालकाकडे राहिली, कंपनी तेवढी मागे पडली.

वेस्ट एंडचं नाव मात्र लगेच मिटलं नाही. ह्युमनॉइड्स या मूळच्या फ्रेंच कॉमिक-प्रकाशकाच्या साथीने १९९९ मध्ये डीसी कॉमिक्सवरचा एक खेळ आला. 'पॅरानोइया' मूळ रचनाकारांकडे परतला, आणि २००४ मध्ये मंगूस या ब्रिटिश प्रकाशकाने तो नव्याने काढला. २००३ मध्ये एरिक गिब्सन यांच्या पर्गेटरी पब्लिशिंगने वेस्ट एंड विकत घेतलं. विज्ञानकथा, जादू आणि आजच्या काळातली साहसं अशा तीन वाटांची डी-सिक्सची पुस्तकं त्यांनी आणली, म्हणजे जे काम ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस व्हायला हवं होतं ते. पुढे त्यांनी हे नियम ओपन-डी-सिक्स म्हणून खुल्या परवान्यावर मोकळे केले. ज्याला वाटेल त्याने घ्यावेत, आपला खेळ बांधावा, विकावा. त्यातून आजवर अनेक छोटे स्वतंत्र खेळ निघाले आहेत.

२०१८ मध्ये फँटसी फ्लाइटने, स्टार वॉर्सच्या त्या वेळच्या परवानाधारक प्रकाशकाने, १९८७ ची नियमपुस्तिका आणि सोर्सबुक एका पेटीत पुन्हा छापले. त्यांचे स्वतःचे आधुनिक, देखणे, खास चिन्हांच्या फाशांचे खेळ बाजारात असताना त्यांनी हे केलं, यावरून या जुन्या पुस्तकांची किंमत कळते. हातात घेऊन पाहण्यासारखी आहेत. मधल्या रंगीत पानांवर जाहिराती आहेत, पण आपल्या जगातल्या नाहीत: प्रवासी कंपनीच्या सहली, साम्राज्याच्या नौदलातली भरती. सोर्सबुकमध्ये यानांची कोष्टकं आहेत आणि त्या जमातींची वर्णनं आहेत, जी पुढे इतर लेखकांनीही संदर्भ म्हणून वापरली. ज्यांना फक्त खेळायचं आहे त्यांनी ओपन-डी-सिक्सचे नियम घ्यावेत आणि विश्व आपलं स्वतःचं रचावं.